गिटारीचा उत्तररंग

हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीकडे तोंड करून एकच रिक्षा उभी होती, आणि तिच्या मागच्या सीटवर एक काळी, लांबोडकी पेटी ऐसपैस आडवी पडली होती. तिच्या पलीकडे, अंग चोरून, एक तरुण बसला होता.

"ही जागा माणसांची आहे की सामानाची?" शमिकाने विचारलं. तिच्या हातात तिची स्वतःची पेटी होती, बाजाची. संगमेश्वराकडचं कीर्तन आटोपून ती घरी निघाली होती.

"माणसांचीच आहे. पण हिला मागे टाकवत नाही हो," तो म्हणाला. "आजारातून उठलेय नुकती."

"कोण?"

"गिटार. पोटाला चीर गेली होती. कोल्हापुरात एकाकडून सांधून आणलेय."

रिक्षावाल्याने आरशातून दोघांकडे पाहिलं. "दोन माणसं नि दोन पेट्या. आता आपापली मांडीवर घ्या नि चला. मला जेवायचं हाय अजून."

अशा तऱ्हेने दोघं निघाली... मांडीवर एकेक वाद्य घेऊन, लहान मुलं सांभाळत लग्नाला निघालेल्या पाहुण्यांसारखी. माघ लागला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आंब्याचा मोहोर इतका फुलला होता, की रिक्षा वळली की वास आधी आत यायचा आणि वळण मागून.

"म्हणजे ती बँडवाली? गळ्यात पट्टा घालून उड्या मारायची?" शमिकाने मुद्दाम विचारलं.

"नाही. ही बसून वाजवायची. डाव्या पायाखाली पाट घेऊन."

"पाट?"

"छोटासा. पाय उंच राहावा म्हणून."

"बरंय की. मग वरणभात कोण वाढतं?"

तो हसला. हसताना त्याने मान खाली घातली, आणि का कोण जाणे, शमिकाला त्याने मान वर करावी असं वाटलं. त्याचं नाव शुभंकर शिवलकर. आंब्याच्या कॅनिंगमध्ये नोकरी, घर मांडवीच्या अलीकडे. वडील हरिश्चंद्र, म्हणजे हरीभाऊ, जन्मभर बोटीवर स्वयंपाकी. स्पेनमधल्या वलेन्सिया बंदरात बोट अडकून पडली असताना त्यांनी एका म्हाताऱ्याला ही बसून वाजवायची गिटार वाजवताना ऐकलं आणि तिथल्या तिथे ठरवलं, की मुलगा झाला तर त्याच्या हातात हीच द्यायची.

"आणि मुलगी झाली असती तर?"

"तर आत्ता तुम्हाला रिक्षात जास्त जागा मिळाली असती."

शमिकाने पेटीचं झाकण उघडायला लावलं. उघडल्यावर शिसवी लाकडाचा आणि नव्या लाखेचा वास आला. तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. आधी ही बाई अगदी बारीक चणीची होती, तारांच्या चार जोड्या. मग पाच जोड्या झाल्या. तेव्हा स्पेनमध्ये हिला न्हाव्याच्या दुकानात टांगून ठेवायचे, दाढीला थांबलेल्या गिऱ्हाइकाने वाजवावी म्हणून. दोनेकशे वर्षांपूर्वी जोड्या मोडल्या आणि सहा सुट्या तारा झाल्या.

"जोड्या मोडल्या? वाईट झालं," शमिका म्हणाली.

"सुटी तार स्पष्ट बोलते. जोडीत एकमेकींच्या आड लपता येतं."

"आणि सुटी तार एकटी नाही पडत?"

तो बाहेरचा मोहोर बघायला लागला. कुवारबाव मागे पडलं. शमिकाने बोलणं सावरायला एका तारेवर बोट ठेवलं. "कशाच्या या?"

"पूर्वी मेंढीच्या आतड्याच्या असायच्या. शेकडो वर्षं."

तिने बोट असं मागे घेतलं की रिक्षावालासुद्धा हसला. शुभंकरही हसला, पण मग जरा गंभीर झाला. "हे तेवढं देवळात बोलू नका हं. कुरणवाडीच्या मुरलीधराच्या उत्सवात आमची सेवा आहे, शेवटच्या दिवशी, लळिताला. बाबांची फार इच्छा. माघात ते कायम समुद्रावर, एकदासुद्धा सेवा घडली नाही त्यांच्या हातून. आता घरी आहेत, तर म्हणतात तू वाजव देवापुढे."

"त्या उत्सवाची कीर्तनं माझीच आहेत."

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला.

माळनाक्यावर त्याला उतरायचं होतं. तिने घाईने विचारलं, "आणि मग? त्या आतड्यांचं पुढे काय झालं?"

"तुमच्यात म्हणतात ना, उत्तररंग... तो राहिला. उत्सवात भेटू तेव्हा सांगतो."

नारदीय कीर्तनाला दोन अंगं असतात हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पूर्वरंगात विचार मांडायचा आणि उत्तररंगात गोष्ट सांगून तो पुरा करायचा. नुसत्या पूर्वरंगावर कोणी आरती घेत नाही. शमिका लहानपणापासून हेच शिकली होती. तरी तिच्याकडून नेमकी हीच चूक व्हावी...

उत्सवाच्या दुसऱ्या संध्याकाळी देऊळ भरलं होतं. समईच्या उजेडात तिसऱ्या रांगेत तो बसलेला तिला नमनालाच दिसला. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक वृद्ध गृहस्थ, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या मुलासारखे ताठ. शमिकाचा आवाज त्या दिवशी जरा जास्तच लागला. निरूपण होतं ते माणसाच्या बाहेरच्या आणि आतल्या रूपाबद्दल. दृष्टान्त ठरलेला होता, वृंदावनाच्या फळाचा, वरून देखण्या नि आतून कडू असलेल्या. पण त्याच्याकडे बघून तिला काय सुचलं कोण जाणे, तिने झांज थांबवली आणि म्हणाली, "परवा मला एक सुंदरी भेटली, रिक्षात."

त्याने चमकून वर पाहिलं. ती मनात हसली. हे फक्त त्याच्यासाठी होतं, बाकी सगळे नुसते श्रोते होते.

"कंबर अशी, कांती अशी. गाते म्हणे गोड. मी विचारलं, बाई गं, तुझा गळा कशाचा? तर..." तिने पदर सारखा केला, "मेंढीच्या आतड्याचा. आतडी पिळायची आणि गाणं काढायचं. नाव विचाराल, तर गिटार."

सभामंडप खळाळून हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "शिवलकरांकडे हाय ती," आणि माना वळल्या. तिसऱ्या रांगेकडे वळल्या. शुभंकर क्षणभर हसत होता... त्याला वाटलं असावं, आता पुढचं येईल. पुढचं तिच्याकडे नव्हतंच. हरीभाऊंनी गुडघ्यावरचे हात उचलून मांडीत घेतले आणि टोपी जराशी पुढे ओढली.

त्यानंतर तिने काय गायलं ते तिला आठवत नाही. झांज दोनदा मात्रा सोडून पडली. तबल्यावरच्या सुजयने, तिच्या चुलतभावाने, डोळे वटारले.

आरती झाली. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो, म्हणून लहानथोर येऊन त्याच्या पाया पडतात. ही तिने हजारदा अनुभवलेली गोष्ट, पण त्या संध्याकाळी रांगेत हरीभाऊ होते. ते वाकले. त्यांच्या खरखरीत बोटांचा स्पर्श तिच्या पावलांना झाला आणि तिला वाटलं, पाय मागे घ्यावेत, गादी सोडावी, समुद्रात जाऊन बसावं.

"छान गळा हाय गो बाय तुझा," ते म्हणाले. खोटं नव्हे, मनापासून. त्यांच्या मागे रांगेत शुभंकर नव्हता.

उत्सवाचं सगळं विनीतकाका बघत. ते हार सावरत आले. "बरं झालं बोललीस. आम्हांला काय ठाऊक, आतड्याचं वाद्य असतं ते. शिवलकरांना सांगितलं मी, लळिताला ती सेवा राहू दे. देवापुढे तसलं नको."

"काका, मी गंमत..."

"गंमत काय, बरोबरच की." आणि ते प्रसादाकडे गेले.

मागे सुजय तबला पुसत होता. शमिका बघतच राहिली. पुडीवरून फडका फिरत होता, शाईभोवती, अगदी हळूवार.

"दादा, हे कशाचं असतं?"

"काय?"

"ही पुडी."

"बकऱ्याचं चामडं. असं काय विचारतेस गो, पाळण्यात असल्यापासून ऐकत्येस ना?"

कानशिलं तापली तिची. जन्मभर तिच्या पाठीशी चामडं वाजत होतं, देवापुढे वाजत होतं, आणि ती पुढे उभी राहून आतड्याला हसली होती. तेही कोणाच्या, तर ज्याने विश्वासाने सांगितलं आणि बोलू नका म्हणाला, त्याच्या.

दुसऱ्या दिवशी ती शिवलकरांच्या अंगणात उभी राहिली, तेव्हा तिने घोकून आणलेली सगळी वाक्यं फाटकाबाहेरच राहिली होती. पडवीत हरीभाऊ सुपाऱ्या सोलत होते. त्यांना आनंदच झाला. "ये गो, बस. शुभ्या, कोण आलंय बघ. सरबत आण." मग आवाज उतरवून म्हणाले, "सेवा काय होत न्हाय आमची. तार तुटली म्हणतो तो गिटारीची, पहिली. नि इथे मिळत न्हाय. देवाच्या मनात नसंल अजून."

शमिकाने मान वर केली. म्हणजे त्यांना विनीतकाकांचा निरोप ठाऊक नव्हता. तो शुभंकरने मधल्यामध्ये अडवला होता.

शुभंकर सरबत घेऊन आला. पेला तिच्यासमोर ठेवला, हातात दिला नाही. हरीभाऊ सोललेल्या सुपाऱ्या उन्हात घालायला परसात गेले.

"पूर्वरंग छान झाला," तो म्हणाला.

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. "तुम्ही... उत्तररंग सांगणार होता."

"आता कशाला?"

"मला हवाय म्हणून."

तो खांबाला टेकून उभा राहिला. परसाकडे बघत सांगायला लागला. "दुसरं महायुद्ध सुरू झालं. आतड्याचा धागा जखमा शिवायला लागतो. सगळा तिकडे गेला, सैनिकांसाठी. वाजवणाऱ्यांना तारा मिळेनात. वर्षानुवर्षं झगडून हिला कुठे मोठ्या सभागृहात मान मिळायला लागला होता, आणि आता तारच नाही. तेव्हा अमेरिकेतल्या एका कारागिराच्या हाताला नायलॉनचा धागा लागला. त्याने तो ओढून बघितला. वाजला. तेव्हापासून आतडं गेलं ते गेलंच. माझ्या पहिल्या तीन तारा नायलॉनच्या आहेत. म्हणजे आपला तंगूस."

"गरीला बांधतात तो?"

"तोच. मासे पकडायचा." तो किंचित हसला आणि लगेच ते हसू त्याने आवरलं. "एवढंच होतं. तुम्ही थांबला असतात तर सांगितलं असतं."

शमिका उठली. सरबत तसंच राहिलं.

मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळी, गऱ्या, शिसं विकणाऱ्या जनीमावशीच्या टपरीसमोर काठपदराची साडी नेसलेली मुलगी येऊन उभी राहिली, तेव्हा मावशीने आधी मागे कोण आहे ते बघितलं.

"तंगूस हवाय."

"कसला मासा?"

"मासा नाही. गिटार."

"ह्यो कुठला मासा गो? खाडीतला?"

"वाद्य आहे, मावशी. पहिली तार हवीय तिची."

जनीमावशी हसून हसून खाली बसली. पण मग एकेक रीळ काढून तिने तंगूस दातात धरला, दुसरं टोक ताणलं आणि बोटाने छेडून बघितलं. शमिका कान लावून ऐकत होती. तिला सूर कळत होता, तिला तारेची जाडी कळत नव्हती. दोघींनी मिळून एक रीळ ठरवलं. "ह्यो धर. ह्याला मोठा कुपा मासा लागला तरी तुटायचा न्हाय," मावशी म्हणाली, "मग तुझा माणूस कुठे जातोय."

"माझा माणूस नाही तो."

"मग तोंड असं का झालं?"

ऊन कलताना ती परत शिवलकरांच्या पडवीत पोचली. हाताला सुक्या मासळीचा वास येत होता. तिने रीळ पुढे केलं. "तार. आता सेवा थांबायला नको."

शुभंकरने रिळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग आत जाऊन गिटार घेऊन आला आणि पहिल्या तारेवरून अंगठा फिरवला. तार अखंड होती. स्वच्छ वाजली.

"तुटली नव्हती?"

"नाही."

"मग बाबांना का..."

"काय सांगू त्यांना? की तुमची सेवा देवाला ओवळी वाटते म्हणून? जन्मभर बोटीवर देवाचा फोटो जवळ ठेवून राहिलेत ते. तार तुटली, हे सोपं होतं." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर तिला सोसलं असतं.

एवढ्यात परसातून हरीभाऊ आले. त्यांनी रीळ बघितलं, बोटांत धरलं, प्रकाशाकडे नेलं. जन्म समुद्रावर काढलेल्या माणसाला तंगूस ओळखायला किती वेळ लागणार? "हां... बरोब्बर हाय की. शुभ्या, तार आली बघ. आता काय, वाजवायचं." आणि शमिकाच्या डोक्यावर हात ठेवला. "देवानंच धाडली गो तुला."

तिने शुभंकरकडे पाहिलं. आता त्याच्याकडे सबब उरली नव्हती. ती तिनेच काढून घेतली होती. चूक निस्तरायला गेली आणि दुसरी करून बसली. लळिताच्या दिवशी म्हातारा टोपी घालून देवळात येणार आणि चारचौघांत त्याला परत पाठवणार. शमिका पायांत चपला न घालताच फाटकाबाहेर पडली, आणि त्या घ्यायला परत जायचीही तिला लाज वाटली.

उत्सव संपतो लळिताच्या कीर्तनाने, सकाळी. त्यात देवाकडे सगळ्यांसाठी मागणं मागायचं असतं, आणि उत्सवात काही उणंअधिक झालं असेल त्याची क्षमाही. ठरलेले शब्द असतात. बुवा म्हणतात, लोक मान डोलावतात, लक्ष लाह्यांच्या प्रसादाकडे असतं.

शमिका उभी राहिली तेव्हा शेवटच्या रांगेत, दाराशी, टोपी होती. टोपीच्या शेजारी काळी पेटी. आणि पेटीवर हात ठेवून बसलेला शुभंकर, सरळ समोर बघत.

तिने मागणं मागितलं. समुद्रावरच्या माणसांसाठी, मोहोरासाठी, आजाऱ्यांसाठी. मग क्षमेचे ठरलेले शब्द आले आणि ती थांबली. सुजयचा ठेका चालत राहिला, मग तोही थांबला.

"उणंअधिक झालं असेल, असं म्हणायचं असतं," ती म्हणाली. "झालं असेल नाही. झालंय. माझ्याकडून, या गादीवरून."

लाह्यांकडे वळलेल्या माना तिच्याकडे फिरल्या.

"मी त्या संध्याकाळी तुम्हांला अर्धी गोष्ट सांगितली. मला अर्धीच ठाऊक होती, आणि जी ठाऊक होती ती सांगू नका असं मला विश्वासाने सांगितलं होतं. तुम्ही हसलात त्यात तुमची चूक नाही. हसवलं मी." तिचा आवाज फाटला. तिने तो तसाच फाटका पुढे नेला. "आता उत्तररंग ऐका. ती तार कुठे गेली माहीत आहे? युद्धात माणसांच्या जखमा शिवायला गेली. गाणं सोडून टाके घालायला गेली. जाताना कोणी विचारलं नाही तिला, तू सोवळी की ओवळी. आणि तिच्या जागी आला आपला तंगूस. तिथे दाराशी हरीभाऊंजवळ जे वाद्य आहे, त्यात आतडं नाही. आणि असतं तरी... मागे वळून सुजयदादाचा तबला बघा. तो कशाचा ते त्याला विचारा. माझ्या पाठीशी रोज वाजतो आणि देव ऐकतो. मला कळलं नाही. देवाला केव्हाच कळलंय, तो स्वतः गुराख्याची बांबूची नळी घेऊन उभा आहे."

तिने गळ्यातला हार काढून गादीवर ठेवला आणि खाली उतरली. कीर्तन चालू असताना कीर्तनकार गादी सोडत नाही. बायका कुजबुजल्या. ती रांगांमधून वाट काढत दारापर्यंत गेली आणि हरीभाऊंच्या पाया पडली. सेवा नाकारल्याचं त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि सगळं एकदमच त्यांच्या लक्षात आलं. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले.

"अगो... मला तर गोष्ट आवडली हुती," ते म्हणाले. "अर्धी असली तरी."

मग विनीतकाका खाकरले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "पाट लागतो ना त्याला?" ते म्हणाले. "आतून नैवेद्याचा लहान पाट आणा कुणीतरी."

शुभंकर मुरलीधरापुढे बसला, पाटावर डावा पाय ठेवून. आधी त्याने तारा लावल्या. पहिली तार उतरत होती. त्याने पिळली. पुन्हा उतरली. पुन्हा पिळली. सुजयने शमिकाकडे पाहून भुवया उडवल्या. मग वलेन्सियाच्या त्या म्हाताऱ्याची धून सुरू झाली, इतकी हळू की देवळाबाहेरच्या माडांची सळसळ आधी ऐकू आली. मधेच, एका सुराच्या नि दुसऱ्या सुराच्या मधल्या जागेत, तो चटकन खुंटी पिळून घेई आणि पुढे जाई. हरीभाऊ डोळे मिटून बसले होते. त्यांची बोटं गुडघ्यावर होती, परत.

प्रसाद वाटून झाल्यावर, दीपमाळेपाशी, तो पेटी घेऊन तिच्यासमोर थांबला. दुसऱ्या हातात तिच्या चपला होत्या. तिने त्या घेतल्या, पण घालायचं धैर्य झालं नाही.

"तार बेसूर होत होती," ती खाली बघत म्हणाली. "पहिली."

"हो."

"चांगली होती की. मी ऐकली होती त्या दिवशी."

"ती काढून ठेवली." तो थांबला. "ही तुमची घातलेय. जेटीवरची."

शमिकाने वर पाहिलं. त्याच्या बोटांनासुद्धा आता तोच वास येत असणार, असं तिच्या मनात आलं, आणि ती इतकी लाजली की त्या चार दिवसांतली सगळी लाज त्यापुढे काहीच नव्हती. ही लाज वेगळीच होती... ही हवीशी होती.

"पण ती उतरत राहते," ती म्हणाली.

"नवा तंगूस ओढ घेतो. लगेच बसत नाही. परत परत लावून घ्यावा लागतो."

"किती दिवस?"

"ते मला काय ठाऊक," तो मान खाली घालून हसत म्हणाला. "तू येत जा ऐकायला. तू सांग, लागली की नाही ते."

त्याने तू म्हटलं होतं. तिच्या ते ध्यानात आलं, आणि तिच्या ध्यानात आल्याचं त्याच्याही ध्यानात आलं. तिने वाकून चपला पायांत घातल्या, जरा जास्तच सावकाश.

"येईन," ती म्हणाली. "पण मधेच थांबायचं नाही हं. गोष्ट पुरी सांगायची... तू."